साडेतीन ब्रासची पावती, सहा ब्रासचा माल : नवले पुलाच्या उतारावरील एका डंपर अपघाताचा अभ्यास

पुण्याच्या आसपास कुणी डंपरखाली सापडले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन गोष्टी हमखास असतात. ‘ब्रेक निकामी झाल्याने’ ही एक आणि ‘चालकाविरुद्ध गुन्हा दाखल’ ही दुसरी. डंपरमध्ये किती माल होता हे बातमीत बहुधा नसते आणि पुष्कळदा पंचनाम्यातही नसते. या अभ्यासात मी तोच धागा धरला आहे. वजन कागदावर आले नाही, तर सगळा खटला एका चालकाच्या चुकीपुरता आकसतो. गाडी भरणारा, भरू देणारा आणि त्या जादा मालाचा पैसा घेणारा असे तिघेही त्यातून सुटतात.

खालचे प्रकरण कुणा एका कुटुंबाचे नाही. अशा दाव्यांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचले आहे. कायदे, कलमे आणि निवाडे मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

घडले ते असे. धायरीत राहणारे एक जोडपे सकाळी आंबेगावहून दुचाकीवर घरी निघाले होते. नवरा अडतीस वर्षांचा, ग्रिल आणि गेटची फॅब्रिकेशनची कामे घेणारा. बायको चौतीस वर्षांची, घरून डबे देणारी. घरी दोन मुले आणि नवऱ्याची आई. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या बाह्यवळण मार्गावर वॉश सँडने, म्हणजे दगड भरडून केलेल्या आणि धुतलेल्या वाळूने (क्रश सँड) भरलेला दहा चाकी डंपर मागून आला. त्याने आधी एका टेम्पोला आणि मग या दुचाकीला धडक दिली. नवरा जागीच गेला. बायकोचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला. शस्त्रक्रिया करून, सळई घालून पाय वाचला, पण फार वेळ उभे राहणे तिच्या नशिबातून गेले. डंपरचा क्लीनरही जबर जखमी झाला.

हा उतार पुणेकरांना नवा नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्या ठोकरल्या. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी कंटेनरच्या अपघातात आग लागून आठ माणसे गेली. रस्त्याची रचना, वेग, बेशिस्त यांची चर्चा दर वेळी होते आणि ती व्हायलाच हवी. रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल संबंधित यंत्रणेला दंड करण्याची तरतूदही मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ मध्ये आली आहे. पण उतार अवघड असला की वजनाचा प्रश्न लहान होत नाही, उलट मोठा होतो.

जादा दहा टनांनी काय होते

या डंपरच्या आरसीवर एकूण वजनाची मर्यादा २८ टन होती आणि रिकाम्या गाडीचे वजन ११ टन. म्हणजे पासिंग १७ टन मालाचे. (जुलै २०१८ मध्ये केंद्राने आसभाराच्या मर्यादा वाढवल्या. तीन आसांच्या गाडीला आधी २५ टन चालत, त्यानंतर २८.५ टनांपर्यंत. मर्यादा जुन्या काळातल्या आहेत, ही वाहतूकदारांची तक्रार तेव्हापासून तरी उरायला नको होती.) खाणीच्या धंद्यात मात्र टनांत कुणी बोलत नाही. तिथे हिशेब ब्रासचा असतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि क्रश सँडचा एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो. धुतलेली वाळू ओली असेल तर त्याहून जास्त. वाहतुकीची ऑनलाइन पावती साडेतीन ब्रासची होती, म्हणजे पावणेसोळा टनांची. ती कायद्यात बसत होती. फाळके चढवून प्रत्यक्षात भरला होता सहा ब्रास माल, म्हणजे २७ टन. गाडीसकट ३८ टन. मर्यादेपेक्षा दहा टन जास्त.

सपाट रस्त्यावर हे दहा टन बघणाऱ्याला जाणवत नाहीत. गाडी जरा हळू उठते, टायर थोडे दबलेले दिसतात, एवढेच. उतारावर चित्र बदलते. उतरताना वेग वाढू द्यायचा नसेल, तर गाडी जितकी खाली येते तितकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिनच्या गिअरने ती जिरवली नाही तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि तिची उष्णता होते. ३८ टनांची गाडी दर दहा मीटर उंची उतरताना ब्रेकमध्ये इतकी उष्णता ओतते की तेवढ्यात साधारण अकरा लिटर पाणी उकळीला यावे. हीच गाडी २८ टनांची असती तर आठ लिटर. उतार काही किलोमीटर चालतो. ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटत जाते आणि चालक पेडल दाबत राहतो, पण गाडी धरत नाही. त्यात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली असेल, तर इंजिनचा अटकावही गेला. इंजिनच बंद केले असेल, तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबला.

म्हणून ‘ब्रेक निकामी झाला’ या वाक्यावर मी थांबू देत नाही. ब्रेक निकामी का झाला? त्या ब्रेकला ज्या वजनासाठी बनवले त्याच्या सव्वापटीहून जास्त वजन त्याच्यावर लादले म्हणून. याला यांत्रिक बिघाड म्हणत नाहीत. खाणीवर मालाचा शेवटचा बकेट पडला तेव्हाच हा निर्णय झाला होता, आणि तो चालकाने एकट्याने घेतलेला नव्हता. खेपेवर पैसे मिळणारा चालक सहा ब्रास भरायला नाही म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्या गाडीवर दुसरा चालक असतो.

रस्त्याचाही विचार करू. रस्त्याची झीज आसभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, हे रस्ते अभियंत्यांचे जुने, प्रयोगांतून आलेले गणित आहे. एकूण वजन ३६ टक्के जास्त म्हणजे झीज जवळपास साडेतीन पट. पावसाळ्यात जे खड्डे चुकवताना दुचाक्या पडतात, त्यातले बरेच खड्डे असल्याच गाड्यांनी पाडलेले असतात.

पहिले दोन दिवस

अपघातानंतर तासाभरात रस्ता मोकळा करण्याची घाई सुरू झाली. मागे वाहनांची रांग लागली होती, त्यामुळे घाई चूक नव्हती. जेसीबीने सांडलेली वाळू कडेला ओढली. दुपारपर्यंत दुसऱ्या दोन गाड्या येऊन ती भरून घेऊन गेल्या. पंचनाम्यात ओळ आली ती एवढीच : ‘वाळूने भरलेला डंपर’. किती भरलेला, हे नाही.

मृताचा धाकटा भाऊ मात्र ससून रुग्णालयाच्या शवागाराबाहेर बसून राहिला नाही. रडायला वेळ नव्हता असे तो पुढे म्हणाला. त्याने आणि त्याच्या मित्राने वाळू उचलली जाण्याआधी डंपरचे, चढवलेल्या फाळक्यांचे आणि सांडलेल्या ढिगाचे चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढले होते. त्याच संध्याकाळी त्याने पोलीस ठाण्यात साध्या कागदावर अर्ज दिला. गाडीतला उरलेला माल न हलवता गाडी काट्यावर घ्यावी, सांडलेल्या मालाचे मोजमाप नोंदवावे, वाहतूक पावती आणि चालकाचा मोबाइल जप्त करावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर त्याने पोच घेतली. पोच घेतलेला अर्ज दुर्लक्षित करणे तपास अधिकाऱ्यालाही अवघड जाते.

दुसऱ्या दिवशी डंपर काट्यावर गेला. अर्धा माल सांडून गेल्यावरही गाडीचे वजन मर्यादेच्या थोडेच खाली निघाले. पूर्ण भरलेली असताना ती किती असेल, याचा अंदाज न्यायाधीशाला बांधता येईल असा हा पहिला कागद. दुसरा कागद वकिलांनी मिळवला. गाडी सातारा रस्त्यावरच्या टोलनाक्यावरून आली होती. तिथे चालत्या गाडीचे वजन नोंदवणारी यंत्रणा असते आणि फास्टॅगची वेळ त्याला जोडलेली असते. तो तपशील आणि महामार्गावरचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे, असे पत्र टोल चालवणाऱ्या कंपनीला आणि महामार्ग प्राधिकरणाला लगेच गेले. चित्रण पुसले जायच्या आत पत्र पोहोचले पाहिजे, नंतर भरपाईचा दावा ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने मागवूनही हाती काही लागत नाही. टोलची नोंद ३८ टनांच्या आसपासची होती. तिसरा कागद खाणीची साडेतीन ब्रासची पावती. हे तीन कागद शेजारी ठेवल्यावर वेगळे भाष्य करावे लागत नाही.

चौथा कागद आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल. तो प्रत्येक गंभीर अपघातात होतो. त्यात ब्रेक, टायर, फिटनेस यांची स्थिती असते. या गाडीला आधी कधी जादा भाराबद्दल चलन झाले होते का, हे माहिती अधिकारात वेगळे विचारता येते. इथे तसा अर्ज केला गेला.

पोलिसांचीही काही कर्तव्ये आहेत आणि ती कुटुंबाला माहीत असली तर उपयोग होतो. २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा, पीडितांना त्यांच्या हक्कांचा कागद दहा दिवसांत द्यायचा, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत सादर करायचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात या वेळापत्रकाची अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले. कायद्याप्रमाणे पोलिसांचा हा अहवालही भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. तरीही स्वतःचा अर्ज दाखल करावा, असेच मी म्हणेन. पोलिसांच्या अहवालात तुमच्या घरचे उत्पन्न, तुमची आई तुमच्यावर अवलंबून आहे हे आणि पायाला पुढे लागणारा खर्च येत नाही.

रुग्णालयाबद्दल एकच गोष्ट. मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमींसाठी रोकडरहित उपचारांची केंद्रीय योजना आहे. पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत. बाईंना जिथे प्रथम नेले तिथे आधी अनामत मागितली गेली आणि नातेवाइकांनी ती भरलीही. योजनेचे नाव त्यांना तिसऱ्या दिवशी कळले. अशा वेळी नाव माहीत असणे हेच अर्धे काम आहे.

‘वजनाचा विषय काढू नका’

दाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा कुटुंबाला अनेकांनी एक सल्ला दिला. ओव्हरलोडचे बोलू नका, नाहीतर विमा कंपनी हात वर करेल. दीर वहिनीला म्हणाला, “वहिनी, हे वजनाचं प्रकरण आपण उकरून काढलं आणि उद्या तेच आपल्या अंगावर आलं तर?” बाईंचा प्रश्न त्याहून सरळ होता : “भाऊजी, मग ते भरणारे लोक कधी सापडणारच नाहीत का?”

हा सल्ला पुण्यात सर्रास दिला जातो. माझ्या मते तो चुकीचा आहे. तिसऱ्या पक्षाचा विमा, म्हणजे रस्त्यावरच्या माणसासाठीचा विमा, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४७ प्रमाणे सक्तीचा आहे. न्यायाधिकरणाचा निवाडा झाल्यावर कंपनीने पैसे द्यायचे हे कलम १५० सांगते. कंपनीला कोणत्या कारणांनी अंग काढून घेता येते, याची मोजकी यादी त्याच कलमात आहे. परवान्यात नसलेल्या कामासाठी गाडी वापरणे, योग्य लायसन्स नसलेला चालक, शर्यत आणि अशी आणखी काही. पासिंगपेक्षा जास्त माल ही गोष्ट त्या यादीत नाही. विमा अटींचा खराच भंग झाला असेल, अशा दाव्यांतही कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्ण सिंग निवाड्यात मोकळा ठेवला. मालक आणि कंपनी यांच्यातल्या भांडणाची झळ विधवेला लागू नये, हा त्यामागचा विचार आहे.

उलट, वजनाचा पुरावा कुटुंबाच्या बाजूने काम करतो. डंपरमालकाने उत्तरात तेच म्हटले जे असे मालक म्हणतात. ब्रेक अचानक निकामी झाला, हा दैवी अपघात आहे, कुणाचा निष्काळजीपणा नाही. याला १९७७ च्या मिनू मेहता निवाड्यात उत्तर आहे. यांत्रिक बिघाडाचा बचाव घेणाऱ्या मालकाने स्वतः सिद्ध करायचे असते की त्याने सगळी योग्य काळजी घेतली होती आणि तरीही दोष लपून राहिला. दहा टन जादा भरलेल्या गाडीचा मालक ‘मी काळजी घेतली होती’ हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणणार? कलम ११३ सांगते की मर्यादेबाहेर भरलेल्या गाडीचा चालक मालक स्वतः नसेल, तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते.

कंपनीने दुसरे शस्त्र काढले. मागे बसलेल्या बाईंनी हेल्मेट घातले नव्हते, म्हणून त्यांचाही दोष धरून भरपाई कापावी. हेल्मेट न घालणे चूकच आहे आणि ते कुणीही नाकारू नये. पण त्यांची दुखापत पायाची होती. पीडिताकडून नियमाचा भंग झाला म्हणून आपोआप सहनिष्काळजीपणा ठरत नाही, त्या भंगाचा अपघाताशी किंवा इजेशी कारणसंबंध दाखवावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीक प्रकरणात सांगितले आहे. त्या प्रकरणात एका दुचाकीवर तिघे होते.

पाच लाखांचा कागद

नवऱ्याचा महिना झाला, त्या आठवड्यात विमा कंपनीचे अधिकारी घरी आले. बोलणे अदबीचे होते. “ताई, कोर्टात वर्षं जातात. कलम १६४ खाली कुणाचीही चूक सिद्ध न करता पाच लाख मिळतात. सही करा, महिन्याभरात पैसे खात्यावर.”

यात खोटे काही नव्हते. चूक कुणाची हे न विचारता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, ही तरतूद एप्रिल २०२२ पासून आहे. कंपनीने अधिकारी नेमून ३० दिवसांत प्रस्ताव द्यावा, हेही कायद्यातच (कलम १४९) आहे. ज्या कुटुंबाकडे उत्पन्नाचा पुरावा नाही, साक्षीदार नाही, चूक कुणाची हे खरेच संदिग्ध आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला असू शकतो. पण अधिकाऱ्यांनी एक गोष्ट सांगितली नाही, ती कलम १६६ मध्ये लिहिलेली आहे. या पद्धतीने कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपतो. इथे किती फरक पडला असता ते पुढच्या आकड्यांत दिसेल. बाईंनी सही केली नाही. सासूबाई म्हणाल्या, “माझ्या लेकाचा हिशेब घाईने करायचा नाही.”

दावा शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल झाला. अपघाताच्या ठिकाणी, अर्जदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा जाबदेणार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो, राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा करता येतो. बीड-लातूरहून पुण्यात कामाला आलेल्या माणसाच्या घरच्यांना त्यासाठी पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत, हे त्यांना कुणी सांगत नाही. मुदत सहा महिन्यांची. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर कुणी थांबू नये.

वकिलाबाबत. रुग्णालयाच्या दारातच एक जण ‘जिंकलो तर टक्केवारी’ या बोलीवर कागद घेऊन आला होता. निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्याच शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात आहे. बाईंनी तिथूनच वकील घेतला.

आता रक्कम. मृताने मागची तीन वर्षे आयकर विवरण भरले होते आणि त्यात उत्पन्न वर्षाला तीन लाख, म्हणजे महिना २५,००० होते. २०१७ च्या प्रणय सेठी निवाड्याप्रमाणे स्वतःचा धंदा असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे : ३५,०००. घरात चार जण अवलंबून, म्हणून २००९ च्या सरला वर्मा निवाड्याप्रमाणे त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा : २६,२५०. वर्षाचे ३,१५,०००. वय ३८, म्हणून त्या वयोगटासाठी ठरलेला गुणक १५. एकूण ४७,२५,०००. त्यावर पत्नी, दोन मुले आणि आई यांना सहवासाला मुकल्याबद्दल प्रत्येकी ४८,४००, तसेच अंत्यविधी आणि संपदेची हानी यांसाठी प्रत्येकी १८,१५०. बेरीज ४९,५४,९००. अर्ज दाखल झाल्यापासूनचे व्याज वेगळे. न्यायाधिकरणे ते बहुधा ६ ते ९ टक्क्यांदरम्यान देतात.

समजा त्याने विवरण भरलेच नसते, पैसे सगळे रोखीने घेतले असते आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना १२,००० धरले असते. मग उत्पन्नाच्या हानीचा हाच हिशेब ४७,२५,००० ऐवजी २२,६८,००० वर येतो. माणूस तोच, मरण तेच आणि रक्कम निम्म्याहून कमी. फॅब्रिकेशनवाले, रिक्षावाले, प्लंबर, डबेवाल्या बायका, यांच्या घरी विवरण नसेल तर बिलांची पुस्तके, यूपीआयच्या नोंदी, ग्राहकांचे मेसेज, कच्चा माल घेतल्याच्या पावत्या हे सगळे जपून ठेवा आणि दाव्यात लावा. मोटार अपघात दाव्यात पुरावा फौजदारी खटल्याइतका काटेकोर लागत नाही, शक्यता कुणीकडे झुकते एवढे पुरते.

बाईंचा दावा वेगळा, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण जिवंत माणसाच्या नुकसानीला लोक फार लवकर कमी लेखतात. सरकारी रुग्णालयाने डाव्या पायाचे ४० टक्के कायम अपंगत्व लिहिले. कंपनीचे म्हणणे असे की एका पायाचे ४० टक्के म्हणजे सगळ्या शरीराचे फार तर वीस टक्के, तेवढेच धरा. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निवाड्याने हा प्रश्न नीट सोडवला आहे. शरीराचे किती टक्के गेले यावर न थांबता त्या माणसाच्या त्या कामाची कमाई किती गेली, हे पाहायचे. बाईंचे काम पहाटेपासून दुपारपर्यंत ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटण्याचे. बसून हिशेब लिहिणाऱ्याचा पाय आणि यांचा पाय यांचे मोल एक नाही. म्हणून दाव्यात कमाईची हानी ६० टक्के मागितली. महिना १५,००० उत्पन्न, ४० टक्के वाढ धरून २१,०००, वर्षाचे २,५२,०००, वय चौतीस म्हणून गुणक १६. साठ टक्क्यांनी २४,१९,२००. वीस टक्क्यांनी ८,०६,४००. जखमीच्या दाव्यातही भविष्यातील वाढ धरायची, हे २०२० च्या पप्पू देव यादव निवाड्याने स्पष्ट केले. शिवाय औषधोपचार, सळई काढण्याची पुढची शस्त्रक्रिया, मदतनीस, वेदना. प्रमाणपत्र लिहिणाऱ्या डॉक्टरांची साक्ष झाली पाहिजे. प्रमाणपत्र नुसते फाइलला लावून भागत नाही.

क्लीनर हाही या अपघाताचा बळी आहे. त्याला मोटार वाहन कायदा किंवा १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा, यांपैकी एका वाटेने भरपाई मागता येते, दोन्हीकडून नाही. त्याच्या बाजूने बोलायला या प्रकरणात कुणीच पुढे आले नाही.

भरणारे

फौजदारी बाजूला पोलिसांनी भारतीय न्याय संहितेची कलमे २८१, १२५ आणि १०६(१) लावली. शेवटच्या कलमाखाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आरोपी एकटा चालक.

जादा भाराबद्दल कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे, म्हणजे या डंपरला ४०,०००. पण त्या कलमाचे शब्द नीट वाचले पाहिजेत. ते चालवणाऱ्यापुरते नाही. ‘चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा’ असेही त्यात म्हटले आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, हेही तिथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात राज्यांना बजावले होते की दंड घेऊन जादा भारासकट गाडी पुढे सोडता येणार नाही. सातारा रस्त्यावरच्या टोलनाक्यावर ३८ टन नोंदले गेले तेव्हा ती गाडी तिथेच थांबली असती, तर हे प्रकरण लिहावे लागले नसते. मला सगळ्यात जास्त हेच खुपते.

कुटुंबाच्या वकिलांनी चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्यासोबत खाणचालकालाही जाबदेणार केले. ही वाट मळलेली नाही. न्यायाधिकरणासमोर सहसा गाडीशी संबंधित लोकच असतात. पण १९९७ मध्ये रेल्वे फाटकावरील एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की मोटारीसोबत दुसऱ्या कुणाचाही निष्काळजीपणा अपघाताला कारण असेल, तर त्यालाही न्यायाधिकरणासमोर आणता येते. साडेतीन ब्रासची पावती देऊन सहा ब्रास भरणारा त्याच अर्थाने सहभागी आहे, असा इथला युक्तिवाद. खाणचालकाने तो फेटाळताना लिहिले आहे की माल किती न्यायचा हे गाडीवाला ठरवतो. त्यावर न्यायाधिकरणाने त्याच्याकडून त्या दिवसाची लोडिंगची नोंदवही आणि काट्याच्या पावत्या मागवल्या आहेत.

तपास अधिकाऱ्याकडेही वेगळा अर्ज गेला आहे. मालक आणि खाणचालक यांना कलम १९४ खाली आणि मूळ गुन्ह्यात आरोपी करावे. सोबत टोलची नोंद, वाहतूक पावती आणि काट्याचे वजन जोडले आहे. या अर्जाचीही पोच घेतलेली आहे. तपास अधिकाऱ्याने तीस दिवसांत निर्णय कळवला नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचे, असे घरच्यांनी ठरवले आहे. दोन्ही मुलांच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवावी, अशी विनंती बाईंनी मूळ अर्जातच लिहून ठेवली आहे.